थकलेलं बिल आणि फॉर्मवरचं ‘नाही’

उत्तर व्हर्जिनियात एका छोट्या डिफेन्स कंत्राटदाराकडे मी सिक्युरिटी ऑफिसर आहे. कमरेला पिस्तूल वगैरे नाही. क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायच्या परवानगीसाठी, लोकांकडून एसएफ-८६ भरून घेतो. शंभरावर पानांचा फॉर्म. नुकती सिटिझन झालेली आपली मुलंही येतात. पहिला प्रश्न ठरलेला, “काका, आईबाबा पुण्यात आहेत, ते नडेल का?” विचारतात त्याबद्दलही, पण मी बोट ठेवतो ते विभाग २६ वर. गेल्या ७ वर्षांत कर्ज बुडवलं का, बिल कलेक्शनला, म्हणजे वसुली एजन्सीकडे, गेलं का, हप्ता १२० दिवसांपेक्षा जास्त थकला का.

सरकारला कर्जाची धास्ती वाटते ती उगाच नाही. सीआयएचा अधिकारी अल्ड्रिच एम्स कर्जात बुडाला होता. १९८५ पासून तो सोव्हिएतांना गुपितं विकत होता, सापडला १९९४ मध्ये. पण नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, तर कर्ज समजून घेता येतं, हे २०१७ पासूनच्या नियमावलीत चक्क लिहिलंय. त्यानंतर तुम्ही जबाबदारीनं वागलात का, ते बघतात. हप्ते बांधून घेतले असतील तर पावत्या दाखवा.

‘नाही’ला मात्र पावती नसते. आमच्याकडे एकानं हॉस्पिटलचं थकलेलं बिल लिहिलंच नाही, कारण बायकोला ठाऊक नव्हतं! आपल्याकडे उधारी म्हणजे अब्रू. पण तपासनीस क्रेडिट रिपोर्ट काढतोच. मग पैशांचा मुद्दा बाजूला राहतो आणि खोटेपणाचा वेगळा मुद्दा लागतो. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा फेडरल गुन्हा आहे. तपासनीसानं विचारायच्या आत स्वतःहून दुरुस्ती केली, तर ती जमेस धरतात. त्यानं कागद पुढे ठेवल्यावर आठवलं तर काय उपयोग?

क्लिअरन्सच्या वादांवर संरक्षण खात्यात होणाऱ्या सुनावण्यांचे निकाल नावं गाळून नेटवर टाकतात. रात्री मी ते वाचत बसतो. बायको म्हणते, ही तुझी सिरियल. त्यात नेहमीचा बचाव: “७ वर्षं झाली, रिपोर्टवरून गेलं.” न्यायाधीश ऐकत नाहीत. रिपोर्टवरून गेलं म्हणजे फिटलं नव्हे. शंका उरली तर कौल सरकारकडे. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्येच सांगून टाकलंय.

म्हणून फॉर्म उघडायच्या आधी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा, फुकट मिळतो. आणि क्लिअरन्स हातात पडल्यावरही रेकॉर्ड तपासत राहतात, तेव्हा हप्ता चुकला तर आधी माझ्याकडे या. बायकोला कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.