शिंगराची पहिली लीद अडली तेव्हा

शहादा तालुक्यातल्या एका मळ्यातून संध्याकाळी फोन आला. सारंगखेड्याच्या यात्रेत गाभण घेतलेली मारवाडी घोडी पहाटे दोनला व्याली होती. घोडी पहिलारू, शिंगरू नर. दुपारपासून ते शेपटी वर करून कुंथत होतं, मध्येच उताणं लोळत होतं, आचळाला तोंड लावून लगेच सोडत होतं. मालकांचा अंदाज होता, लघवी अडली असावी.

लघवी की लीद, हे शिंगराच्या उभं राहण्यावरून बहुतेक वेळा कळतं. लीद अडली असेल तर ते पाठ वर काढतं आणि मागचे पाय पोटाखाली घेतं. लघवीसाठी जोर करताना पाय मागे लांबवून पाठ खाली सोडतं. मी पोचलो तेव्हा इथं पाठ वर होती. थोड्या वेळानं लघवीची चांगली धारही लागली. तरी मूत्राशय फुटल्याची शंका पूर्ण सोडता येत नाही, कारण फाट लहान असली तर लघवी होत राहते आणि पोट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुगतं. तेही नर शिंगरांतच जास्त.

अंगाचं तापमान १०१.२ फॅरनहाइट, हृदयाचे ठोके मिनिटाला ११६, हिरड्या गुलाबी, पोट किंचित भरलेलं पण तट्ट नाही. माणसांच्या ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर ७४ आली. दूध पिणाऱ्या शिंगराला ती कमीच. हातमोज्यावर लिक्विड पॅराफिन लावून बोट अलगद आत घातलं, तर कमरेच्या हाडाच्या कड्याशी लेंड्यांचा घट्ट गोळा लागला. नराचं हे कडं मादीपेक्षा अरुंद असतं, म्हणून अडतं ते तिथंच. मोज्याला काळी लीद लागली, त्यामुळे आतडं जन्मतःच बंद असण्याची शक्यता मागे पडली.

ही पहिली लीद म्हणजे गर्भात गिळलेलं पाणी, पित्त, चिकट स्राव आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी. जन्मानंतर काही तासांत ती पडू लागते आणि २४ तासांत संपायला हवी. तिला ढकलतो तो चीक. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, शिंगरू किती वाजता प्यायलं? इथं उत्तर आलं, नऊ वाजता. घोडी कासेला शिवू देत नव्हती. शिंगरानं तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं. इथं सात तास गेले होते. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीनं खाणाऱ्या घरांत घोडीच्या चिकाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. घोडीच्या वारेतून प्रतिद्रव्यं, म्हणजे रोगांशी लढणारी रक्तातली द्रव्यं, गर्भात जात नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. पहिल्या सहा-आठ तासांत एक ते दोन लिटर चीक पोटात जायला हवा. २४ तासांनी आतडं ती प्रतिद्रव्यं शोषतच नाही.

आधी साधा एनिमा. अर्धा लिटर कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण चमचाभर, कपड्यांचा सोडा-पावडर अजिबात नाही. मऊ रबरी नळी तीन-चार इंचच आत, डबा थोडा उंच धरून पाणी आपोआप उतरू द्यायचं. ३८ किलोच्या या शिंगराला १५० मिली पुरे. पिचकारीनं दाब दिला तर आतड्याचं अस्तर फाटू शकतं. सहा-सात कडक लेंड्या पडल्या आणि थांबल्या.

इथं हात आवरावा लागतो. साबणाचा एनिमा पुन्हा पुन्हा दिला की अस्तर सुजतं. त्या सुजेमुळे शिंगरू कुंथतच राहतं, आणि अजून अडलंय असं समजून आणखी एक एनिमा दिला जातो. मेडिकलमध्ये मिळणारा तयार फॉस्फेट एनिमाही एखाद्या वेळेपलीकडे नको, रक्तातलं फॉस्फेट वाढतं.

म्हणून ॲसिटिलसिस्टीन हे चिकट स्राव पातळ करणारं औषध. २० टक्क्यांच्या ॲम्प्यूलमधलं ४० मिली आणि कोमट पाणी १६० मिली, म्हणजे ४ टक्क्यांचं २०० मिली द्रावण. ते लेंड्यांना बांधून ठेवणाऱ्या चिकट स्रावाचे दुवे तोडतं. शिंगराला कुशीवर निजवून मागचा भाग घडी केलेल्या पोत्यावर उंच ठेवला. फॉली कॅथेटर, म्हणजे टोकाशी ३० मिलीचा फुगा असलेली मऊ नळी, आत घालून फुगा सावकाश भरला, द्रावण हळूहळू सोडलं आणि नळीला चिमटा लावला. चाळीस मिनिटं तसंच. तोवर मानेच्या शिरेतून कोमट केलेलं रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन) आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालू. वेदनेसाठी फ्लुनिक्सिनचा एकच कमी डोस, कारण पाणी कमी पडलेल्या शिंगराच्या मूत्रपिंडाला आणि जठराला ते सोसत नाही.

मधल्या वेळात शेजारच्या आजोबांनी एरंडेलाची बाटली आणली. "पाजा ना, साफ होईल." आजोबा, बैलाला चालतं ते याला नाही, म्हणालो. एरंडेल कोवळ्या आतड्याला झोंबतं, आणि तोंडात ओतलेलं कुठलंही तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया ठरलेलाच. लिक्विड पॅराफिन द्यायचंच झालं तर नाकातून जठरात घातलेल्या नळीनंच, तेही पहिला दिवस उलटल्यावर.

फुगा सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी वीतभर लांब काळा गोळा आला, मागून तपकिरी मऊ लीद, आणि पहाटेच्या आत पिवळी, लोण्यासारखी. पिवळी दिसली की मार्ग मोकळा समजावा. शिंगरू तासात पाच-सहा वेळा पिऊ लागलं.

प्रतिद्रव्यांचा प्रश्न उरलाच होता. शिंगराच्या रक्तातल्या अर्धा मिली सीरममध्ये १० टक्के ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाचे ५० मायक्रोलिटर घातले. दहा मिनिटांत गोठलं तर पातळी पुरेशी. इथं पाऊण तास लागला, म्हणजे मध्यम. प्रतिद्रव्यांसाठी शिरेतून प्लाझ्मा दिला नाही, पण दिवसातून दोनदा ताप मोजायला सांगितलं. बेंबीवर अर्धा टक्का क्लोरहेक्सिडीन, आणि बेंबी ओली दिसली तर लगेच फोन, कारण सतत कुंथण्यानं नाळेतला लघवीचा मार्ग पुन्हा उघडू शकतो.

बेंबी कोरडी राहिली. आठव्या दिवशी फोन आला तो पातळ लिदीसाठी. घोडी माजावर येते त्या सुमारास हे बहुतेक शिंगरांना होतं. ताप नव्हता, पिणं नीट होतं. औषध काही दिलं नाही. मागचा भाग कोमट पाण्यानं पुसून व्हॅसलीन लावा, आणि शिंगरू आईची लीद खाताना दिसलं तर अडवू नका, एवढंच सांगितलं.