तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन बदलले, मग वेगाच्या सेन्सरचे काय?

इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलून झालेल्या गाडीचा मालक माझ्याकडे येतो, तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा एकाच साच्यातला असतो. "इंजिन बसले, गाडी पळते, पण स्पीड सेन्सर जुन्या गिअरबॉक्सचा ठेवायचा, की नव्या इंजिनाबरोबर आलेला लावायचा?" गेली काही वर्षे हा प्रश्न मला कोल्हापुरात समोरासमोर आणि बाहेरगावाहून फोनवर इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

खरे तर प्रश्नच थोडा चुकलेला आहे. सेन्सर कोणाचा आहे याला फारसे महत्त्व नसते. गाडीचा वेग सांगणारे एक टोक असते, आणि तो वेग ऐकणारी टोके किमान दोन असतात: एक डॅशबोर्डवरचा काटा आणि दुसरे इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक. इंजिन बदलताना सांगणारे टोक जुन्या गाडीचे राहते आणि ऐकणाऱ्यांपैकी ईसीयू मात्र परक्या गाडीतून आलेला असतो. त्यामुळे तपासण्याच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: सिग्नल कोणत्या प्रकारचा आहे, आणि एका किलोमीटरला किती पल्स (विजेचे ठोके) येतात. गॅरेजमध्ये जे घोळ होतात, त्यातले निम्म्याहून अधिक या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

आधी प्रकार पाहू. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली केबल थेट काट्यापर्यंत जाते. काही गाड्यांत त्या काट्यामागेच फिरत्या मॅग्नेटजवळ काचेच्या नळीतला एक बारीक स्विच बसवलेला असतो, ज्याला रीड स्विच म्हणतात. मॅग्नेट फिरला की तो उघड-मीट करतो. दुसरा प्रकार दोन वायरींचा. त्यात नुसती कॉइल असते, समोरून दात असलेली चकती फिरते आणि कॉइलमध्ये एसी व्होल्टेज तयार होते. वेग वाढला की हे व्होल्टेज वाढते, आणि गाडी अगदी सावकाश असताना ते इतके क्षीण असते की ईसीयूला ते ऐकूच येत नाही. तिसरा प्रकार तीन वायरींचा, चुंबकाची जाणीव ठेवणारा हॉल सेन्सर: एक वायर पुरवठ्याची, एक अर्थची आणि तिसरी सिग्नलची. तो गाडी रांगत असतानाही स्वच्छ चौकोनी पल्स देतो. रीड स्विच आणि बहुतेक हॉल सेन्सर यांचे काम एकच असते: ईसीयूने आपल्या वायरीवर धरून ठेवलेले पाच किंवा बारा व्होल्ट ठरावीक वेळा अर्थला खेचणे. म्हणून या दोघांची अदलाबदल बऱ्याचदा जमते. दोन वायरींची कॉइल मात्र अशा ईसीयूला थेट जोडून चालत नाही. मध्ये एलएम १८१५ सारखी चिप लावून त्या लाटेचे चौकोनी पल्स करून घ्यावे लागतात.

ईसीयूला काय हवे आहे, हे मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळते. सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढावा, किल्ली फिरवावी पण इंजिन सुरू करू नये, आणि सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज पाहावे. पाच किंवा बाराच्या आसपास काही दिसले, तर ईसीयू खेचणाऱ्याची वाट पाहतो आहे असे समजावे. एवढे न करता थेट सेन्सर विकत आणणाऱ्यांबद्दल मला आताशा काही बोलावेसे वाटत नाही.

आता पल्सची संख्या. जपानी मानकानुसार वेग ताशी ६० किलोमीटर असताना मीटरची केबल मिनिटाला ६३७ वेळा फिरते. साठच्या वेगाला एक किलोमीटर एका मिनिटात संपतो, म्हणजे किलोमीटरला ६३७ फेरे. अमेरिकेत जुना हिशेब मैलाला १००० फेऱ्यांचा होता. तो किलोमीटरला ६२१ च्या जवळपास येतो. दोन आकडे इतके जवळ असल्यामुळे मोजणारे गाफील राहतात. खरा फरक पुढे पडतो: प्रत्येक फेऱ्याला सेन्सर किती पल्स देतो? चार देणारा असेल तर किलोमीटरला २५४८. आठ देणारा असेल तर त्याच्या दुप्पट, सोळा देणारा असेल तर चौपट. बाहेरून हे सेन्सर सारखेच दिसतात, कपलरही कधी कधी सारखेच बसतात.

एक गाडी उदाहरण म्हणून सांगतो, म्हणजे हे आकडे हवेत राहणार नाहीत. माझ्या एका परिचिताची कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी किंग होती. त्याने तिच्यात त्याच १३०० सीसी घराण्यातले, पण एका सेडान गाडीतून निघालेले इंजेक्शनचे इंजिन, ईसीयू आणि वायरिंगसकट बसवून घेतले. सेडानचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांचा असल्याने तो अर्थातच मागेच राहिला, आणि त्यावर असलेला स्पीड सेन्सरही त्याच्याबरोबर गेला. जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा, हाय आणि लो अशा दोन रेंजचा गिअरचा डबा) आपापल्या जागी राहिले. ईसीयूची स्पीडची वायर टेपने गुंडाळून डॅशबोर्डमागे खोचून ठेवलेली मला नंतर सापडली. (असा बदल करण्याआधी आरटीओची परवानगी आणि नोंदणी पुस्तकातली दुरुस्ती लागते; मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ याच विषयावर आहे. त्याने ती कागदपत्रे आधी केली होती, म्हणूनच मी त्या गाडीला हात लावला.)

गाडी छान सुरू झाली. तक्रार वेगळीच होती: उतारावरून येऊन चौकातल्या सिग्नलला क्लच दाबून थांबायला जावे, की इंजिन मध्येच बंद पडायचे, आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असायचा. त्या पिढीच्या सुझुकी यंत्रणेत डायग्नोसिसचे टर्मिनल अर्थ केले, की दिवा लुकलुकून कोड सांगतो. आमचा दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, मग चारदा. चोवीस म्हणजे स्पीड सेन्सर. आजच्या ओबीडीच्या (स्वतःचे दोष स्वतः नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांत स्कॅनर हेच पी०५०० म्हणून दाखवतो. वेग कळत नाही तेव्हा गाडी चालली आहे की उभी आहे, हे ईसीयूला समजत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चालत्या गाडीत इंजिनाला हळूहळू आयडलवर (उभ्या गाडीच्या संथ गतीवर) उतरवायचे असते, त्याऐवजी ते धाडकन खाली येते आणि कधी कधी तिथेच थांबते.

सिग्नल कुठून घ्यायचा, यावर गॅरेजमध्ये दोन मते होती. फिटरचे म्हणणे होते की गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये जो आखूड शाफ्ट आहे, त्यावर मॅग्नेट चिकटवावेत, म्हणजे हात सहज पोचतो. मी त्याला नकार दिला. जिप्सीचा ट्रान्सफर केस हाय रेंजमध्येही वेग १.४०९ पटीने कमी करतो आणि लो रेंजमध्ये २.२६८ पटीने. आखूड शाफ्ट या घटीच्या आधी येतो, म्हणून हायवर बरोबर जुळवलेला सिग्नल लोमध्ये १.६१ पट वेग सांगेल. चिखलात ताशी २० ने चाललेली गाडी ईसीयूला ३२ ने चालल्यासारखी वाटेल. मूळ केबल ट्रान्सफर केसमधून, घटीनंतर निघते, आणि ती तिथे का ठेवली याचे उत्तर हेच आहे. फोर-बाय-फोर गाडीत सिग्नल नेहमी चाकांच्या बाजूने घ्यावा.

तेव्हा केबलच्या मार्गात बसणारा, आरपार केबल जाऊ देणारा हॉल सेन्सर आणायचे ठरले. शहरातल्या एका दुकानदाराने "सगळे सारखेच असतात" असे सांगून एक दिला. तो बसवला आणि इंजिन बंद पडणे थांबले, दिवाही गेला. मालक खूश झाला, आणि बहुतेक गॅरेजांत इथेच काम संपले असते. मला मात्र संख्या पाहायची होती. आधी मीटरपासून केबल सोडवली, तिच्या टोकाला कागदी टेपचा झेंडा लावला आणि टेपने मोजलेल्या ५० मीटर सपाट रस्त्यावर दोघांनी गाडी ढकलली. मूळ टायरवर ३२ च्या आसपास फेरे यायला हवे होते, आले २९. गाडीला २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर लावलेले होते. त्यांचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो, म्हणजे दर फेऱ्यात गाडी जवळजवळ दहा टक्के जास्त पुढे सरकते आणि केबल तेवढी मागे पडते. किलोमीटरला ६३७ च्या जागी ५८० फेरे. मग महामार्गावर सोबत्याच्या फोनवर जीपीएस लावून खरा वेग ६० वर धरला आणि हर्ट्झ (सेकंदाला किती पल्स) मोजणारा मल्टिमीटर सिग्नलच्या वायरीला लावला. ईसीयूला हव्या असलेल्या, फेऱ्याला चार पल्सच्या हिशेबाने ३९ हर्ट्झ हवे होते, मल्टिमीटर ७७ दाखवत होता. सेन्सर आठ पल्सचा होता. ईसीयूच्या समजुतीने आम्ही ताशी १०९ च्या वेगाने चाललो होतो.

गाडी व्यवस्थित चालत असताना हे दुरुस्त कशासाठी करायचे, हाही नेहमीचा प्रश्न आहे. उभी की चालती एवढेच पाहणाऱ्या भागाला दुप्पट वेगाने काही होत नाही. पण त्याच सिग्नलवर वेगाची कमाल मर्यादा, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा आधार, व्यावसायिक गाडीतला वेगनियंत्रक किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गिअर बदलणे अवलंबून असेल, तर चूक लगेच अंगावर येते. ऑटोमॅटिकमध्ये आत येणारा आणि बाहेर पडणारा वेग यांचा भागाकार सतत तपासला जातो; तो जुळला नाही की गिअरबॉक्स आत क्लच घसरतो आहे असे समजून एकाच गिअरमध्ये अडून बसतो, आणि मग लोक चांगला गिअरबॉक्स उघडून बसतात.

आमच्या कामाला फ्लिप-फ्लॉपची ४०१३ ही साधी चिप पुरेशी होती. दोन पल्स आत गेले की एक बाहेर येतो. बारा व्होल्टवर ती चालते, पुढे एक ट्रान्झिस्टर लावला की वायर अर्थला खेचण्याचे कामही होते. गाडीच्या पुरवठ्यातले व्होल्टेजचे झटके अडवण्याची सोय तेवढी आधी करावी लागते, नाहीतर हॉर्न वाजवला की चिप जळते. पुन्हा साठच्या वेगाला मोजले तेव्हा साडेअडतीस हर्ट्झ मिळाले. ईसीयूच्या लेखी ते ताशी ५४-५५ होतात, आणि एवढ्या फरकाने त्याचे काही बिघडत नाही.

काट्याचे मात्र बिघडते. वेगमापकांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम असे सांगतो, की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकी मोकळीक आहे. खऱ्या साठला सत्तर चालेल, पंचावन्न चालणार नाही. याची दुरुस्ती इलेक्ट्रॉनिक नसून यांत्रिक आहे: केबल फिरवणाऱ्या पिनियनचे (छोट्या दातेरी चाकाचे) दात कमी केले की केबल जोरात फिरते. वीस दातांच्या जागी अठरा दातांचे पिनियन अकरा टक्के वाढ देते. त्या जागी बसणारे, योग्य तिरप्या दातांचे पिनियन मिळाले तरच हे जमते. लेथवर हवे तसे कापून घेतलेले प्लॅस्टिकचे पिनियन मी दोनदा वापरून पाहिले, आणि दोन्ही वेळा ते महिनाभरात चावून निघाले.

पल्स कमी-जास्त करणाऱ्या अशा चिपच्या डबीमुळे किलोमीटर मागे नेता येतील का, असेही काही जण हळूच विचारतात. ते काम मी करत नाही.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यातच लिहितो. तिथे बहुधा वेगळा स्पीड सेन्सर नसतोच. चारही चाकांचे एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर वेग मोजतात आणि एबीएसचा संगणक तो कॅन या गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या दोन वायरींवरून सगळ्यांना कळवतो. इंजिन बदलताना तिथे पल्स जुळवायचे नसून कॅनवरचे संदेश जुळवायचे असतात, आणि ब्रेकवर अवलंबून असलेल्या यंत्रणेला खोटे पल्स देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

त्या जिप्सीच्या मालकाला मी मूळ मापाचे टायर परत लावण्याचे सुचवले होते, कारण केबल, काटा आणि ईसीयू तिघेही त्या एका गोष्टीने एकाच वेळी जाग्यावर आले असते. त्याला रुंद टायर सोडवत नाहीत. पिनियन शोधायला सांगितले आहे. ते मिळेपर्यंत त्याच्या समोरच्या सनशेडवर मी काळ्या मार्करने लिहून ठेवले आहे: काटा ५५, गाडी ६०.