पसरणी घाटात मॉडेल ए: अडॅप्टरवर आधुनिक प्लग लावून निघणाऱ्यांसाठी

जुनी गाडी घेऊन पुण्याहून पाचगणीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: अडॅप्टरवर बसवलेले आधुनिक स्पार्क प्लग सपाट रस्त्यावर नीट चालले, म्हणून ते घाटातही चालतील असे मुळीच नाही. माझी गाडी १९२९ ची फोर्ड मॉडेल ए आहे. तिच्या हेडला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १८ आटे असलेले प्लग लागतात, तर आजचे बाजारातले बरेचसे प्लग १४ मिलिमीटरचे असतात. हा फरक भरून काढणारे लोखंडी अडॅप्टर शहरातल्या एका दुकानदाराने ‘बसवा आणि विसरून जा’ असे सांगून दिले आणि प्लगसह त्यांचे पैसे प्लगच्या छापील किमतीच्या कित्येक पट घेतले.

कात्रज, शिरवळ, खंबाटकी आणि सुरूर फाट्यावरून वाई, इथवर तक्रारीला जागा नव्हती. पसरणी घाटात मात्र एसटीच्या मागे थांबत-थांबत चढावे लागले आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर इंजिन मिसिंग मारू लागले. ठिणगीची वेळ बदलणारा स्पार्कचा दांडा मागे-पुढे करून पाहिला, मिश्रण पातळ करून पाहिले, तरी दुसऱ्या गिअरमध्येही गाडी ओढेना. मागून हॉर्न वाजत होते आणि गाडी बाजूला घ्यायला पुरेशी जागा नव्हती. तो अर्धा तास माझ्या अजून अंगावर येतो.

इंजिन जरा निवल्यावर तिसरा प्लग सोडायला घेतला, तर पाना फिरताच अडॅप्टरही प्लगसोबत बाहेर आला. अडॅप्टरच्या बसणीखाली तांब्याचा वॉशर नव्हता आणि तिथून वायू गळून काळा पट्टा उमटला होता. खरे दुखणे आत होते. अडॅप्टरची लांबी प्लगच्या आट्यांपेक्षा जास्त असल्याने इलेक्ट्रोड खोल खड्ड्यात बसला होता आणि त्या खड्ड्याच्या भिंतीवर मऊ काजळीचा थर चढला होता. अशा खड्ड्यात जळलेला वायू अडकून राहतो, ताजे मिश्रण ठिणगीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि या इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचे प्रमाण) जेमतेम ४.२ ला १ असल्याने मंद गतीत प्लगचे टोक काजळी जाळून टाकण्याइतके, म्हणजे सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत, तापतच नाही. हत्यारांच्या पेटीतले मूळ मापाचे जुने प्लग लावल्यावर गाडी पाचगणीपर्यंत अशी चढली की दमलेल्या अवस्थेतही मोठ्याने हसू आले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मूळ मापाचे प्लग मिळत असतील तर अडॅप्टरच्या वाटेला जाऊ नये. घ्यायचेच असतील, तर दुकानातच प्लग अडॅप्टरमध्ये बसवून पाहावा. प्लगच्या आट्यांचे टोक अडॅप्टरच्या आतल्या कडेशी बरोबर जुळले पाहिजे. एनजीके कंपनीच्या ‘बी ६ एचएस’ प्लगच्या आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर असते, तर त्याच मालिकेतल्या ‘ई’ अक्षराच्या प्लगची १९. तो लांब प्लग उथळ अडॅप्टरमध्ये बसवल्यास व्हॉल्व्ह किंवा पिस्टनवर आदळू शकतो. म्हणून नवी जोडणी बसवल्यावर इंजिन आधी हँडलने सावकाश फिरवून पाहावे आणि मगच सेल्फ मारावा. एनजीकेच्या नावातला आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडतो; बॉश कंपनीचा वाढला की गरम. तेव्हा एका कंपनीच्या आकड्यावरून दुसऱ्या कंपनीचा प्लग मागू नये.

मॉडेल ए वाल्यांसाठी आणखी एक अडचण आहे. या गाडीत प्लगपर्यंत वायर जात नाही, डिस्ट्रिब्युटरपासून (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज देणाऱ्या भागापासून) पितळी पट्ट्या जातात, आणि अडॅप्टरमुळे प्लगची उंची बदलली की पट्टी वाकवून बसवावी लागते. तशी वाकवलेली पट्टी धक्क्यांनी सैल होते. प्लगच्या इलेक्ट्रोडमधली फट, म्हणजे गॅप, ०.०३५ इंच ठेवावा, रेझिस्टर असलेला प्लग घेऊ नये, आणि प्लग काढताना दुसऱ्या पान्याने अडॅप्टर धरून ठेवावा.

घाटात सकाळी लवकर शिरावे, म्हणजे एसटीच्या मागे अडकायची वेळ येत नाही. मूळ मापाच्या प्लगचा निदान एक संच, तांब्याचे वॉशर आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी ठेवल्याशिवाय वाई सोडू नये.