अर्जात ‘फादर’ लिहिलं आणि हॉल अडला

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा हॉल मला एका रविवारी दोन तासांसाठी हवा होता. विषय: ‘दयामरण नको, वेदनाशमन हवं’. वक्ते आमच्या चर्चचे फादर. सेक्रेटरींनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “प्रार्थना वगैरे नाही ना होणार? नाही म्हणजे, लोक विचारतात.”

अठरा वर्षं राहतोय इथे. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडायला हेच सेक्रेटरी सगळ्यात आधी माझ्याकडे येतात.

कमिटीच्या मीटिंगला बोलावणं आलं. धर्मांतराचा विषय लवकर संपला. खजिनदारबाईंची दोन्ही मुलं कॉन्व्हेंटात शिकली होती, त्यांनीच तो उडवून लावला. दुसरा आक्षेप जड होता. एक सभासद म्हणाले, “तुमच्यात सोसणं म्हणजे पुण्य. तुमचा येशू क्रुसावर सोसला, म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनीही तडफडायचं का?”

राग आला, पण तोंड उघडेना. कारण सहा वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटत होतं. पप्पांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं आणि मी चार दिवस टाळाटाळ केली. मॉर्फिननं माणूस लवकर जातो, आपण कॅथलिक, म्हणजे हे पाप, असा माझा पक्का समज. पाचव्या दिवशी फादर पवित्र तेल लावायला आले. पप्पांचं कण्हणं त्यांनी ऐकलं आणि मला गॅलरीत नेऊन झापलं. वेदना थांबवायला दुसरा उपाय नसेल तर असं औषध द्यावं, त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका असला तरी चालेल, हे पोप बारावे पायस १९५७ सालीच सांगून गेलेत म्हणाले. हेतू मारण्याचा नको, एवढंच. त्या रात्री पप्पा झोपले. मी मात्र जागा होतो, त्या चार दिवसांचा हिशेब करत.

कमिटीला हे सगळं सांगितलं. हॉल मिळाला, दोन अटींवर: नोटिशीवर ‘फादर’ नको, आणि त्यांनी झगा घालून येऊ नये. मी हो म्हटलं. अजून लाज वाटते. फादर हसले. “२०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हाही काहींना त्यांचं मराठी लेखन दिसलं नाही, पाद्रीपणच दिसलं. मी तर दोन तासांचा पाहुणा.”

तेवीस माणसं आली. त्यातली निम्मी भांडायला आली असावीत. पहिलाच प्रश्न: मग व्हेंटिलेटर कधीच काढायचा नाही? फादर म्हणाले, काढता येतो. उपचाराचा उपयोग उरला नसेल आणि नुसताच भार होत असेल तर तो नाकारणं चर्चला मान्य आहे. विष टोचणं मान्य नाही. आपल्या कायद्यातही तसं इंजेक्शन चालत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर नुसतं जगवत ठेवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. नळीतून दिलं जाणारं अन्नपाणी हा उपचार की साधी देखभाल, यावर मात्र फादर हटेनात, आणि समोरचे एक निवृत्त डॉक्टरही हटेनात. तो वाद तसाच राहिला.

“हे सगळं धर्माचं बोलणं,” मागून कोणीतरी म्हणालं. तेव्हा मी उठलो. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागना जवळजवळ ४२ वर्षं सांभाळणाऱ्या, त्यांच्या दयामरणाला विरोध करणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिका कुठल्या चर्चच्या होत्या?

शेवटी एका काकूंनी हळूच विचारलं, घरात करणारं कोणी नसेल तर न्यायचं कुठे? कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासूनचं, नन्स सेवा करतात. पण ठाण्याहून वांद्रे रोज गाठायचं कसं, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डिपॉझिट परत मिळालं, एका मोडक्या खुर्चीचे दोनशे रुपये कापून. पुढच्या कार्यक्रमाचा अर्ज दिलाय. वक्त्याच्या रकान्यात या वेळी ठळक अक्षरांत ‘फादर’ लिहिलंय, आणि झग्याबद्दल मी काही कबूल केलेलं नाही. तीन आठवडे झाले. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये बघतात.