हौसिंगमध्ये नेमकं कोणतं ऑइल?

साखरप्याहून चिरा भरून आंबा घाट चढताना मागून आवाज यायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की बारीक, ओढलेला हूंऽऽ, पाय काढला की गप्प. सहाचाकी गाडी मी जुनीच घेतली होती, चार महिने झाले होते. हौसिंगचं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोल पेटीतलं ऑइल आधी कधी बदललंय, कोणतं टाकलंय, काहीच माहीत नव्हतं.

कोल्हापुरात उद्यमनगरात मिस्त्रींना दाखवली. "आधी ऑइल बघू, मग क्राऊन-पिनियन खोलायचं का ठरवू," ते म्हणाले. क्राऊन-पिनियन म्हणजे हौसिंगमधली दातेरी चाकांची जोडी: छोटं पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं, आणि क्राऊन चाकांना. गाडी चालून आल्यामुळं ऑइल गरम होतं, ते बरंच झालं. गार ऑइल नीट निथळत नाही. मी ऑइल सोडायच्या खालच्या ड्रेन नटाला पाना लावला तर त्यांनी हात धरला. "आधी ऑइल भरायचा वरचा नट सोडव. तो निघाला नाही आणि खालनं सगळं ऑइल गेलं, तर गाडी इथंच बसंल." हे मी पक्कं लक्षात ठेवलंय.

ऑइल काळं आणि पातळ निघालं. नटाच्या चुंबकावर काळा लेप होता. बोटांत चोळला तर मऊ लागला, कच नाही, दाताचा तुकडा नाही. पाणी शिरलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. तसंही नव्हतं, जीव भांड्यात पडला.

मग दुकान. "मालक, नव्वद न्या. गिअरबॉक्स, हौसिंग, सगळीकडं चालतंय." घरी गिअरबॉक्ससाठी आणलेली ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ ची अर्धी बादली पडूनच होती. तीच ओतायचा विचार मनात आला होता. पण केबिनच्या कप्प्यात गाडीचं पुस्तक होतं, ते उघडलं. गिअरबॉक्ससमोर ८०डब्ल्यू-९०, जीएल-४. मागच्या ॲक्सलसमोर ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५. दोन ओळी, दोन वेगळी ऑइलं.

आपण सगळे ९० आणि १४० वर बोलतो, आणि जीएलकडं कुणी बघत नाही. ९०, १४० हा नुसता जाडपणा. तोही इंजिन ऑइलच्या आकड्यांशी जुळत नाही: गिअरचं ९० गरम झाल्यावर साधारण इंजिनच्या ४० किंवा ५० इतकंच जाड असतं. जीएल सांगतं की दाबाखाली ते टिकेल का. आमच्या हौसिंगात पिनियन क्राऊनच्या मध्यापासून खाली सरकवून बसवलेलं असतं, त्याला हायपॉईड म्हणतात. त्यामुळं दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. भरलेली गाडी चढावर ओढताना तिथं ऑइलचा थर तुटतो. तेव्हा ऑइलमधलं गंधक आणि फॉस्फरस उष्णतेनं लोखंडाशी मिळून दातावर पातळ आवरण धरतं. जीएल-५ मध्ये हे रसायन जास्त असतं, म्हणून त्याला तो उग्र वास येतो. उलट ते गिअरबॉक्समध्ये टाकलं तर गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना हवी ती पकड मिळत नाही, आणि काही ऑइलांतलं गंधक पितळ खातं. म्हणून "सगळीकडं चालतंय" हे मला अजिबात पटत नाही.

सुट्टं न घेता सीलबंद बादली घेतली. गाडी सपाट जागी लावून वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल भरलं, त्याच्यावर नाही. जास्त झालं तर चाकाच्या हबच्या सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरतं, आणि घाटात ब्रेकवर ऑइल म्हणजे जिवाशी गाठ. हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर चिखलानं बुजला होता, तोही काढून डिझेलनं धुतला. हवा कोंडली की सील गळतंच.

आवाज कमी झाला, गेला नाही. मिस्त्रींनी पिनियनचा फ्लँज, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती, हलवून बघितला: बेअरिंगला खेळ होता, म्हणजे ते ढिलं झालं होतं. खोलून बेअरिंग बदललं, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) लावून पुन्हा बसवलं, तेव्हा कुठं शांत झालं. दात शाबूत होते.

पुढच्या खेपेला घाट चढून वर आंब्यात थांबलो. हौसिंग गरम होतं, पण हात टिकत होता. घरी आल्यावर त्याच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं: ८५-१४०, जीएल-५, आणि खाली किलोमीटर.