आज शाळेत काय झालं? काही नाही

शाळा सुटल्याची घंटा झाली की फाटकापाशी रोज तोच संवाद ऐकू येतो.

"आज काय शिकवलं?"

"काही नाही."

दप्तर छोट्या खांद्यावरून मोठ्या खांद्यावर जातं, पाण्याची बाटली हलवून बघितली जाते (ती निम्मी भरलेलीच असते), आणि जोडी घराकडे निघते. माझा दुसरीचा वर्ग फाटकाला लागूनच आहे, त्यामुळे खिडकीतून हे सगळं ऐकू येतं. सकाळपासून घसा कोरडा केलेला, हाताला खडूची पूड, आणि वर हे "काही नाही". पहिल्या वर्षी फार लागायचं. वाटायचं, खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडावं, "अहो, वजाबाकी शिकवली! दोनदा!"

आता लागत नाही. मूल खोटं बोलत नाही, हे कळलंय. संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाला कुणी दारातच "आज कामावर काय काय मिळवलंस?" असं विचारलं, तर तोही चपला काढता काढता "काही नाही" असंच म्हणेल. प्रश्नच एवढा अवाढव्य असतो की तो नेमका कुठून उचलायचा ते समजत नाही. शिवाय मुलाच्या लेखी दिवसभराची बातमी निराळीच असते. वर्गात कबूतर शिरलं होतं. कुणाचा तरी दात पडला. दुसरीचं वयच दात पडायचं, त्यामुळे ही बातमी रोज ताजी. माझ्या वर्गातल्या पालकांना तीस मुलांच्या दातांचा हिशोब तोंडपाठ असतो, वजाबाकीचा पत्ता नसतो.

पालकांना रोज काहीतरी कळवायला हवं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते पाण्यामुळे.

त्या दिवशी 'धारकता' होती. मी दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घेतलं. सारखं आहे ना? "होऽऽ." मग त्यातल्या एका पेल्यातलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका उंच, बारीक नळकांड्यात ओतलं. आता कशात जास्त? जवळजवळ सगळी बोटं नळकांड्याकडे. पाणी परत पेल्यात ओतलं: सारखं. पुन्हा नळकांड्यात: "जास्त!" जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग करून लहान मुलांच्या विचाराची चाल दाखवून दिली होती. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मूल उंचीकडे बघतं आणि रुंदी विसरतं. पुढे कधीतरी दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात मावायला लागतात. माझा वर्ग नेमका त्याच उंबरठ्यावर बसलेला. चौथ्यांदा ओतलं तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी बाकावरून अर्धवट उठली आणि म्हणाली, "बाई, पाणी तेच आहे. आधी बसलं होतं, आता उभं राहिलंय."

वर्ग एकदम गप्प झाला. मग दोघांना पटलं. मग चौघांचं भांडण लागलं. माझ्या नोकरीत असे तास वर्षातून दोन-तीनच येतात.

त्या संध्याकाळी फाटकापाशी मी कान टवकारून उभी. "आज काय केलं?" "पाण्याशी खेळलो." आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या डायरीत त्याच्या वडिलांच्या सुबक अक्षरात ओळ आली: 'कृपया वर्गात अभ्यासही घ्यावा.'

चूक त्यांची नव्हती. त्यांच्यापर्यंत पाणी पोचलं होतं, पाण्याचं काय झालं ते पोचलं नव्हतं. मग मी कंबर कसली. सुरुवातीला डायरीत रोज एक ओळ लिहायला लागले, 'गणित: धारकता, कृती' अशी. ती वाचून कुणाला काय बोध होणार? एखाद्या कपाटाच्या खणावरची चिठ्ठी वाटायची ती. मग पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला, आणि मी तिथे रोजचा सविस्तर वृत्तांत टाकायला लागले. काय शिकवलं, का शिकवलं, कसं शिकवलं, सोबत सहा फोटो. शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यात जायचा. खरं तर शाळा सुटायच्या आधीही जायचा, कारण फोटो काढायचे म्हणजे वर्ग चालू असतानाच काढायचे. एकदा एक मुलगा मला काहीतरी विचारत होता आणि मी त्याला म्हटलं, "थांब, जरा बाजूला सरक, उजेड येत नाहीये." नंतर त्याने काय विचारलं होतं ते त्यालाही आठवेना. आणि फोटोत दिसतं तरी काय? हात दिसतो, मणी दिसतात. डोक्यात काय हललं ते दिसत नाही. पालक फोटो बोटांनी मोठा करून फक्त आपलं पोर कुठे आहे ते बघतात आणि ते कोपऱ्यात असलं तर खट्टू होतात. मी पालक असते तर मीही तेच केलं असतं.

पण या वृत्तांतांतून खरं नुकसान काय होत होतं, ते पालकसभेत एका आईने सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून. "बाई, पूर्वी विचारलं तर निदान 'काही नाही' तरी म्हणायचा. आता म्हणतो, बाईंनी टाकलंय ना, वाच."

सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन बराच वेळ गप्प बसले. मुलाजवळ सांगण्यासारखं जे थोडंफार होतं, ते मीच त्याच्या आधी धावत जाऊन सांगून टाकत होते. बातमी फोडल्यावर बातमीदाराने बोलायचं काय?

त्यानंतर वृत्तांत बंद केला आणि चिठ्ठी सुरू केली. सुटीच्या आधी पाच मिनिटं फळ्यावर एक प्रश्न लिहायचा. तो मुलांनी चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा आणि घरच्या कुणाला तरी विचारायला लावायचा. उत्तर मुलालाच ठाऊक, विचारणाऱ्याला नाही. 'पाणी उभं राहिलं की वाढतं का?' 'एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं, मग लिहिताना 5 का?' 'गोगलगायीचे डोळे कुठे असतात?' बस, एवढंच. पालकांना यातून विषय कळतो, आणि उरलेलं पोर सांगतं. कधी चुकीचंही सांगतं. तेही मला दुसऱ्या दिवशी कळतं, आणि ते कळणं सोन्यासारखं.

मला वाटलं होतं आपण मोठा शोध लावला. कसला शोध! जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टीन यांनी मुलाने घरच्यांना करून दाखवायचा, समजावून सांगायचा गृहपाठ कधीच तयार करून ठेवला होता, आणि त्यात घरच्यांनी शिक्षकांना उलट कळवायला जागाही राखली होती. ती जागा मी राखली नव्हती. लगेच चिठ्ठीची खालची अर्धी बाजू कोरी सोडायला लागले.

घरी गेल्यावर आठवून सांगायचं याला आणखीही एक कारण आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःलाच पाठांतराला बसवून आपण किती भराभर विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. अर्थहीन अक्षरगटांपैकी निम्म्याहून जास्त माल तासाभरात गळून जात होता. मी शिकवते ते अर्थहीन नसतं (काही पाठांबद्दल मी खात्री देत नाही), तरी गळती असतेच. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. माझी पोरं काही महाविद्यालयात नाहीत, पण फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्यात 'एकोणसाठ'वर पाच मिनिटं डोकं खाजवलं तर बिघडत काही नाही.

चिठ्ठीचा एक फायदा मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हता. वर्गातल्या एका मुलाच्या आईला वाचता येत नाही. दोन वर्षं तिच्या घरी डायरी जात होती, सूचना जात होत्या, सही म्हणून अंगठा नाहीतर शेजारणीची अक्षरं येत होती. मी तिला कधी काहीच कळवलेलं नव्हतं, फक्त कळवल्याचं समाधान बाळगत होते. परवा ती फाटकापाशी थांबली. म्हणाली, "चिठ्ठी तोच वाचून दाखवतो. मग मी त्याला तेच उलट विचारते. मग तो मला शिकवतो." जरा थांबून म्हणाली, "मला आता मागून एक एक घ्यायचं असतं ते कळतं. साठाच्या मागचं." तिला एकोणसाठ म्हणायचं होतं.

सगळंच काही प्रश्नातून कळवता येत नाही, हेही खरं. मूल फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, तर घरच्यांना कोडं घालत बसायचं नसतं. सरळ फोन करायचा आणि डोळे तपासून घ्या म्हणायचं. आणि काही दिवस असेही येतात की सुटीला पाच मिनिटं उरलेली असतात, खडू हातात असतो, आणि प्रश्नच सुचत नाही. पूर्वी मी अशा दिवशी वृत्तांतात चार ओळी जास्त लिहून वेळ मारून न्यायची.

सगळ्यात जास्त पत्रव्यवहार झाला तो वजाबाकीवरून. 52 वजा 27. आम्ही वर्गात काड्यांनी करतो: दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एका गठ्ठ्याचं रबर काढायचं. चार गठ्ठे, बारा सुट्या. घरी मात्र आई-बाबा त्यांच्या लहानपणासारखं शिकवतात. शेजाऱ्याकडून एक उसना घे. पोर रडकुंडीला येतं, "बाईंनी असं नाही सांगितलं!" आणि बाबांचा आवाज चढतो, कारण उत्तर तर दोन्हीकडे 25च. एका मुलाने तर मला विचारलं, "बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?" मला हसू आवरेना, पण प्रश्न अगदी रास्त होता. कुणीच कधी परत दिलेला नाही.

म्हणून त्या दिवशीची चिठ्ठी: '5 चे 4 झाले, मग एक कुठे गेला?'

दुसऱ्या दिवशी खालच्या कोऱ्या जागेत बरीच उत्तरं आली. पाण्याच्या वेळी 'अभ्यासही घ्यावा' असं लिहिणाऱ्या वडिलांची चिठ्ठी त्याच सुबक अक्षरात होती: 'आजवर उसना घेत आलो. मुलाने काल काड्या घेऊन बसवलं. तो उसना नव्हताच, आपलाच गठ्ठा सोडलेला होता.'

आणि त्याच्या शेजारी लाल पेन्सिलीने बरोबरची मोठी खूण. माझी नव्हे, पोराची.