गंज घासण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

जुनी गंजलेली गाडी घरी रिस्टोअर करायला घेतली की पहिला मोह कसला होतो तर ग्राइंडरला वायर ब्रश लावायचा आणि जिथे लाल दिसेल तिथे घासत सुटायचं. खालून पांढरा पत्रा चमकायला लागला की लगेच काम झाल्यासारखं वाटतं आणि ते समाधान मी कमी लेखत नाही, पण माझं मत आता अगदी पक्कं झालंय की सुरुवात तिथून करू नये. आधी पाणी शोधायचं. कुठून आत शिरतं, कुठे साचतं, बाहेर जायची वाट कुठे बुजलीय. एवढं समजलं की गंज कुठे लपलाय हे गाडी न उघडताही बऱ्यापैकी सांगता येतं, आणि मुख्य म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा पुन्हा चाळणी होत नाही.

माझ्याकडची गाडी पन्नासच्या दशकातली, चार दारांची, बरीच वर्षं एका जागी उभी असलेली. वरून बघितली तर मडगार्डच्या कडेला पोपडे, दारांच्या तळाला फुगे, बाकी रंग उडालेला पण पत्रा शाबूत वाटायचा. मी आधी काढलं ते पाण्याचं भांडं आणि टॉर्च. दादा आत बसला, खालचं कार्पेट आणि त्याखालचं नमद्याचं अस्तर काढून टाकलेलं, आणि मी बाहेरून पुढच्या काचेच्या कडेने हळूहळू पाणी सोडत गेले. "अगं थांब थांब, डाव्या कोपऱ्यातून येतंय, डॅशबोर्डच्या मागून थेट पायापाशी!" असं तो ओरडला तेव्हा फरशीच्या पत्र्याला नेमकं तिथेच भोक का होतं ते कळलं. काचेचं रबर बीडिंग कडक होऊन आकसलं होतं, पाणी आत येत होतं, आणि अस्तर ते शोषून घेऊन पत्र्याला महिनोन्महिने चिकटवून ठेवत होतं. वरून कार्पेट कोरडं लागतं हो, खाली हात घातला की ओल. फरशीचं भोक बुजवून बीडिंग तेच ठेवलं असतं तर नवा पत्राही त्याच वाटेने गेला असता.

अशा वाटा जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत ठरलेल्या असतात. पुढच्या काचेखाली हवा घ्यायची जाळी असते तिथे पानं-माती जाऊन निचऱ्याचं भोक बंद होतं. दारांचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं, खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जाणारच, ते जाऊ द्यायचं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर काढायचं अशीच दाराची रचना आहे. ती भोकं मातीने किंवा आधीच्या कुणीतरी मारलेल्या जाड रंगाने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी. चाकांच्या वरच्या कमानीत चिखल बसतो, तो वरून वाळलेला दिसतो पण आत दमटच राहतो. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे दारांखालचा सिल, तो पोकळ, दोन-तीन पत्र्यांचा, आतून रंग धड कधी पोचलेलाच नसतो.

लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, त्यात मीठ मिसळलं की वेग आणखी वाढतो. ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर येतो तो घट्ट असतो, खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज तसा नाही, तो भुसभुशीत, ओल धरणारा, म्हणून खाली खाली चालतच राहतो. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. दोन पत्रे स्पॉट वेल्ड करून, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी वितळवून जोडलेले असतात ना, त्यांच्या फटीत गंज धरला की तो पत्रे एकमेकांपासून ढकलायला लागतो, अगदी वेल्डही उपटून टाकतो. बाहेरून तुम्हाला फक्त जोडाची सरळ रेघ थोडी फुगलेली, लाटेसारखी झालेली दिसते. तिथे बोट फिरवून बघा, डोळ्यांआधी बोटाला कळतं.

मग ठोकून बघायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जायचं, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडका किंवा पुट्टी भरलेला भद्द आवाज देतो. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून फिरवायचं, जिथे धरत नाही तिथे आधीच्या मालकाने पुट्टी थापलीय. खालच्या बाजूने मात्र स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन खुपसायचं, जीव हळहळतो पण जे आत जातं ते पत्रा नव्हतंच, रंगाचा पापुद्रा होता.

सिल उघडला तो दिवस मी विसरणार नाही. बाहेरून दोन-तीन फुगे, बास. पातळ कटिंग डिस्कने चौकोनी खिडकी कापली आणि तो तुकडा पक्कडने ओढला तर आतून आधी कोरडी लाल भुकटी सांडली, मग काळपट चिखलाची वडी, आणि त्यामागे गंज असा थराथरांनी सुटत होता जणू भिजून वाळलेल्या वहीची पानं. मधला मजबुतीचा पत्रा खालच्या बाजूला उरलाच नव्हता, वरचा अर्धा मात्र अजून चांगला, कारखान्यातला मूळ रंग तसाच. म्हणजे पाणी किती उंचीपर्यंत साचत होतं त्याची सरळ रेघच तिथे आखलेली होती! आणि तळाची निचऱ्याची भोकं? आधी कुणीतरी वरून जाड पत्र्याचा ठिगळ मारलेला, त्याखाली ती झाकली गेली होती.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. तुमची गाडी वेगळ्या चॅसीवर, म्हणजे खालच्या स्वतंत्र सांगाड्यावर आहे, की मोनोकॉक, म्हणजे बॉडीच सांगाड्याचं काम करणारी आहे, हे आधी नीट बघा. बॉडीलाच भार पेलायला लावायची कल्पना जुनी आहे, तशी लॅन्सिया लॅम्डा ही गाडी १९२२ मध्ये आली, सिट्रोएनने १९३४ च्या ट्रॅक्शन अव्हाँमध्ये ती मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत आणली, आणि पुढे बहुतेक गाड्या तशाच झाल्या. अशा गाडीत सिल हा शोभेचा पत्रा नसतो, तो पाठीचा कणा असतो. तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाक्यांनी पक्का करायचा, गाडीला खालून योग्य जागी आधार द्यायचा, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, आणि एका वेळी एकच बाजू घ्यायची. नाहीतर बॉडी मधोमध बसते, आणि नवा सिल वेल्ड झाल्यावर दारं कधीच नीट लागत नाहीत.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात, कारण ते वाचून येत नाही, भंगार पत्र्यावर हात बसवावा लागतो. बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा, त्याला मिग वेल्डिंग (यात गनमधून तार आपोआप पुढे येत वितळते) आणि ०.६ मिलिमीटरची तार बरी पडते. सलग रेघ ओढायची नाही, एक टाका इकडे, एक पार तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, घाई केली की पत्रा उष्णतेने वाकडा होतो. सडका भाग चांगला धातू लागेपर्यंत कापून काढायचा. आणि शक्य असेल तिथे नवा पत्रा जुन्याच्या कडेला कड भिडवून जोडायचा, वर चढवून नाही. वर चढवला की मागे फट राहते, फटीत पाणी बसतं, म्हणजे आपणच नवीन गंजाची जागा तयार करून दिली. ठिगळावर ठिगळ मारलेल्या गाड्या याच कारणाने परत परत सडतात. मूळ रचनेत जिथे पत्रे एकमेकांवर येतातच तिथे मध्ये वेल्डिंग चालेल असा झिंक प्रायमर मारायचा आणि नंतर सांधा सीलरने बंद करायचा.

छोट्या पार्टसाठी, ब्रॅकेट, बिजागऱ्या, जॅकचा सांगाडा वगैरे, मला इलेक्ट्रोलिसिस फार आवडतं. प्लॅस्टिकचा टब, पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह क्लिप गंजलेल्या पार्टला आणि पॉझिटिव्ह एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. बुडबुडे येतात, पट्टी हळूहळू खाल्ली जाते आणि पार्टवरचा गंज काळा भुसभुशीत होऊन ब्रशने निघतो, चांगलं लोखंड जसंच्या तसं. पट्टी स्टेनलेस स्टीलची अजिबात घ्यायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. निघणारा वायू हायड्रोजन आहे, तेव्हा मोकळ्या हवेत करायचं, ठिणगी दूर. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात टाकू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ शकतात. बाहेर काढल्या काढल्या पुसून, वाळवून प्रायमर, कारण उघडं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

जाम नट-बोल्टना वेळ द्या. आधी आट्यांवरची घाण वायर ब्रशने काढायची, मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे आट्यांत झिरपणारं पातळ तेल, रात्रभर ठेवायचं, परत मारायचं. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतो म्हणून सगळे तोच वापरतात, पण १९५३ मध्ये सॅन डिएगोत तो बनला तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला, जाम आटे सोडवायला खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त चांगलं. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवायचं, मग सोडायच्या, पाव फेरा पुढे पाव मागे. कर्रर्र असा कोरडा आवाज आला की थांबायचं, परत तेल. उष्णता देणं फार उपयोगी पण पेट्रोलची टाकी, पाइप, रबर, अस्तर जवळ असेल तर मुळीच नाही.

गंज कन्व्हर्टर चांगली वस्तू आहे, फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडने पृष्ठभागावरचा पातळ गंज स्थिर होतो, पण पोपडे सुटणाऱ्या गंजावर ते ओतणं म्हणजे बाटली वाया. पुट्टीचंही तसंच, ती ओल शोषते, म्हणून भोकावर कधीच नाही, इपॉक्सी प्रायमरवर पातळ थरात फक्त आकार नीट करायला.

आणि कृपया मास्कशिवाय काम करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते कोरडं घासू नका, ओला सँडपेपर वापरा. जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओली करून पुसा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पार्टवर वेल्डिंग केलं तर फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू बनू शकतो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते, ती गाडीतून काढूनच ठेवा.

माझ्या गाडीचा डावा सिल आता बंद झालाय, निचऱ्याची भोकं मूळ जागी उघडी आहेत आणि आतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण, मारलंय, भोकांतून थेंब टपकेपर्यंत, म्हणजे तळापर्यंत पोचलं याची खात्री. वॅक्स मारून झाल्यावर तारेने भोकं परत मोकळी करायला विसरायचं नाही. काचेचं नवीन बीडिंग बसवून परत पाणी सोडून बघितलं, दादा आत कोरडा. आता उजवी बाजू, तिकडे पुट्टी जास्त आहे, चुंबक जवळपास कुठेच धरत नाही, त्यामुळे आधी सगळी पुट्टी उतरवून खरा पत्रा किती उरलाय ते बघणार आणि मगच कापायला घेणार.